धडधाकट माणसाच्या रक्तात हा कुठला जंतू?

२०२१ साली अमेरिकेतल्या कॅन्सस, मिनेसोटा, टेक्सास आणि जॉर्जिया या चार राज्यांत चार माणसं एकाच जंतूने आजारी पडली. पहिली मार्चमध्ये, चौथी जुलैमध्ये. चौघांची एकमेकांशी ओळख नव्हती आणि कोणी परदेशवारीही केलेली नव्हती. दोघं लहान मुलं होती. चारांतली दोघं दगावली, त्यातलं एक मूल. तपासणीत जो जंतू निघाला, त्याचं राहण्याचं ठिकाण म्हणजे थायलंडची भातखाचरं, उत्तर ऑस्ट्रेलियाचा चिखल आणि आपला पश्चिम किनारा. तो कॅन्ससमध्ये कसा पोहोचला?

तपास करणाऱ्यांनी रुग्णांच्या घरातलं पाणी, अंगणातली माती, साबण, क्रीम, खाण्याच्या वस्तू, सगळं तपासलं. महिनोन्‌महिने हाती काही लागेना. ऑक्टोबरमध्ये जॉर्जियातल्या रुग्णाच्या घरी खोलीत सुगंधासाठी मारायच्या फवाऱ्याची एक बाटली मिळाली. लॅव्हेंडरचा वास, आत शोभेचे खडे. त्या द्रवात जंतू जिवंत होता. बाटली भारतात तयार झाली होती.

हे प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही, कारण आपण अशा वेळी जो प्रश्न विचारतो तो इथे उलटा होतो. चांगला हिंडता-फिरता माणूस अचानक आयसीयूत जातो, कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, रिपोर्ट येतो, त्यावर कधी न ऐकलेलं लांबलचक नाव असतं आणि घरचे विचारतात, "असलं विचित्र इन्फेक्शन यालाच कसं झालं?" जंतूच्या बाजूने पाहिलं तर तो विचित्र वगैरे काही नसतो, आपल्या जागी निवांत असतो. विचारायचं ते हे, की या माणसाची आणि त्या जागेची गाठ कधी पडली?

रक्तात जंतू जाणं म्हणजे नेमकं काय?

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. रक्तात जंतू शिरणं ही तशी रोजची गोष्ट आहे. सकाळी दात घासताना हिरडी जरा दुखावली, की तोंडातले काही जिवाणू रक्तात उतरतात. यकृत आणि प्लीहा ही दोन राखणदार इंद्रियं त्यांना बहुधा काही मिनिटांतच टिपतात. आपल्याला पत्ताही लागत नाही.

आजार होतो तो जंतू रक्तात टिकून राहिला, वाढू लागला, की. हेही आपल्याला अगदी नवीन नाही. टायफॉइड, म्हणजे विषमज्वर, हा रक्तातलाच जिवाणूसंसर्ग आहे आणि तो धडधाकट माणसांनाच होतो. टायफॉइडचं नाव ओळखीचं आहे म्हणून त्याला कोणी "रक्तात इन्फेक्शन" म्हणत नाही, इतकंच.

आणि सेप्सिस? गावात रात्री चोर आल्याची ओरड होते. सगळे काठ्या घेऊन बाहेर पडतात, अंधारात दिसेल त्याला झोडपतात. चोर एखादाच असतो, मार मात्र घरच्यांनाच जास्त बसतो. सेप्सिसमध्ये असंच होतं. जंतूंवर तुटून पडलेली शरीराची संरक्षणव्यवस्था बेभान होते. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं आणि फुप्फुसं मार खातात. पूर्वी लोक "सेप्टिक झालं" म्हणायचे ते बहुतेक याबद्दलच. मुळातला जंतू कुठलाही असो, पुढचा गोंधळ सारखाच दिसतो. म्हणून पेशंटकडे नुसतं बघून कोणता जंतू आहे ते सांगता येत नाही.

ज्याचं घर चिखलात

त्या बाटलीतल्या जंतूचं नाव बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय आणि त्याने होणाऱ्या आजाराचं मेलिऑइडोसिस. नावं एकदा वाचून सोडून द्या, पुढे मी "मातीतला जंतू" असंच म्हणणार आहे.

या घराण्याचं नाव मात्र ऐकण्यासारखं आहे. वॉल्टर बर्कहोल्डर हे अमेरिकेतले वनस्पतिरोगतज्ज्ञ. न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकऱ्यांचा कांदा सडत होता, त्या सडीमागचा जिवाणू त्यांनी १९५० मध्ये ओळखला. पुढे त्या कांदेसडव्याच्या नात्यातले सगळे जिवाणू बर्कहोल्डरांच्या नावावर गेले. आपला मातीतला जंतूही त्यातलाच. माणसावर जगण्याचा त्याचा काही इरादा नाही. त्याचं पोट मातीतच भरतं, माणूस त्याच्या वाटेत येतो.

तो माणसात पहिल्यांदा दिसला रंगूनला, १९११ च्या सुमारास. तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. अल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहायक सी. एस. कृष्णस्वामी तिथे शवविच्छेदनं करत. मॉर्फिनची सुई टोचून घेणाऱ्या निराधार माणसांच्या फुप्फुसांत, यकृतात, प्लीहेत त्यांना पुवाच्या गाठीच गाठी दिसल्या. घोड्यांना होणाऱ्या ग्लँडर्ससारखं हे काहीतरी होतं, पण ग्लँडर्स नव्हतं. १९१२ मध्ये दोघांनी ते प्रसिद्ध केलं. आजाराला पुढे 'व्हिटमोरचा आजार' म्हणू लागले. कृष्णस्वामी नावातून गळाले, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे.

हा जंतू चिवट किती, तर थायलंडमधल्या एका प्रयोगशाळेत तो नुसत्या शुद्ध पाण्यात ठेवला होता. खायला काही नाही, बाटली बंद. १६ वर्षांनीही तो जिवंत होता. लॅव्हेंडरच्या पाण्यात काही महिने काढणं त्याला काय अवघड! कोरड्या दिवसांत तो मातीत खोल असतो, पावसाने भूजल वर चढलं की तोही वर येतो. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये पाचातले चार रुग्ण पावसाळ्यात येतात. २०२५ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलँडच्या उत्तर भागात अतिवृष्टी आणि पूर आले, त्यानंतर तिथे या आजाराने २५ हून जास्त माणसं गेली, तेव्हा तुम्ही हे नाव बातम्यांत पाहिलं असेल.

आपल्याकडे आहे का?

आहे. १९९१ मध्ये मुंबईतल्या बालरोगतज्ज्ञांनी एका मुलाची केस प्रसिद्ध केली होती. उडुपी-मणिपाल पट्ट्यात तर पावसाळा आला की तिथले डॉक्टर या आजाराची वाटच बघत असतात, आणि बघतात म्हणून त्यांना तो सापडतो. वेल्लोर, ओडिशा इथूनही रुग्णांच्या नोंदी आहेत. उडुपीहून वर निघालं की कारवार, गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी. तोच धो-धो पाऊस, तीच भातखाचरं, तोच गुडघाभर चिखल. जंतूला कर्नाटक-गोवा सीमेवरचा चेकनाका कळतो असं मानायला काही कारण नाही.

२०१६ च्या एका अभ्यासाने गणिती अंदाज बांधला तो असा: जगभरात वर्षाला साधारण १ लाख ६५ हजार रुग्ण आणि ८९ हजार मृत्यू, त्यांतला मोठा वाटा दक्षिण आशियाचा. आपल्याकडे नोंदलेले रुग्ण याच्या आसपासही नाहीत. हे बाकीचे जातात कुठे? "न्यूमोनियाने गेले", "टीबी होता, औषध लागू पडलं नाही", "अचानक सेप्टिक झालं", या खात्यांत. माझ्या मते या आजाराला दुर्मीळ म्हणणं म्हणजे टॉर्च न लावता "इथे कोणी नाही" म्हणणं.

पण तो शिरतो कसा?

लावणीच्या दिवसांत एखाद्याचे पाय बघा. सकाळी सातला चिखलात उतरलेला माणूस दुपारी वर येतो तेव्हा पायाची कातडी पांढरी, सुरकुतलेली, बोटांच्या बेचक्यांत फाटलेली. चिखल्या. त्यावर कोणी हळद-तेल लावतं, कोणी ग्रीस, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चिखल. त्या बेचक्यातली भेग म्हणजे मातीतल्या जंतूला उघडं दार. नांगरणी करताना खडा टोचला, कोयता लागला, तेही दारच.

दुसरी वाट श्वासाची. वादळी पावसात मातीचे बारीक थेंब हवेत उडतात आणि फुप्फुसात जातात. तिसरी पाण्याची: शुद्ध न केलेलं विहिरीचं किंवा ओढ्याचं पाणी. थायलंडमध्ये या जंतूने मुलांच्या कानापुढची लाळग्रंथी सुजून त्यात पू होतो, घरच्यांना वाटतं गालगुंड आलंय. असली मुलं एरवी ठणठणीत असतात.

२००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडच्या किनाऱ्यावर जे वाचले, त्यांच्यातल्या काहींना या जंतूचा न्यूमोनिया झाला. गढूळ पाणी त्यांच्या छातीत गेलं होतं. मूठभर जंतूंना शरीर पुरून उरतं. नाकातोंडातून चिखलाचा घोट गेला, की हिशोब वेगळा. तुमच्या घराला कुलूप उत्तम आहे, पण एक चोर येणं वेगळं आणि पन्नास जण एकदम दारावर धडकणं वेगळं. धडधाकट माणसाला असले संसर्ग होण्याचं पहिलं कारण हे: मात्रा.

"पण त्याला काहीच आजार नव्हता हो!"

हे वाक्य प्रत्येक आयसीयूच्या बाहेर ऐकू येतं. ते खोटं नसतं, पण त्याचा खरा अर्थ "काही आजार असल्याचं माहीत नव्हतं" असा असतो.

डार्विनच्या रुग्णालयाने १९८९ पासून एकेका रुग्णाची नोंद ठेवली आहे. ३० वर्षांत ११४८ रुग्ण. त्यातले सुमारे ४५ टक्के मधुमेही होते, ४० टक्के धोकादायक प्रमाणात दारू पिणारे. जुनाट फुप्फुसाचे आणि मूत्रपिंडाचे आजारही या यादीत येतात. कोणताच धोक्याचा घटक नसलेले १८६, म्हणजे १६ टक्के. यांनाच आपण खरे धडधाकट म्हणू. आता याच नोंदीतला दुसरा आकडा पाहा, कारण मला तो सगळ्यात बोलका वाटतो. या ११४८ पैकी १३३ जण दगावले. त्या १३३ मध्ये धडधाकट किती? फक्त ३.

म्हणजे निरोगी माणसाला हा जंतू गाठू शकतो, पण वेळेवर ओळखला आणि नीट औषध मिळालं तर तो बहुतेक वेळा वाचतो. जो स्वतःला निरोगी समजतो आणि नसतो, त्याची गोष्ट वेगळी. भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि अनेकांना आपल्याला शुगर आहे हे ठाऊकच नसतं. ते कळतं केव्हा? जखम भरत नाही तेव्हा, किंवा असल्या तापात आयसीयूत रक्त तपासल्यावर. वाढलेल्या साखरेने पांढऱ्या पेशी सुस्तावतात. पहारेकरी हजर असतात, पण पेंगुळलेले.

मधुमेहासारखेच इतर काही लपलेले दोष. अपघातात प्लीहा काढावी लागलेला माणूस वर्षानुवर्षं मजेत असतो. मग कुत्रा हाताला जरा दात लावतो आणि कुत्र्याच्या लाळेतला कॅप्नोसायटोफॅगा नावाचा एक एरवी निरुपद्रवी जिवाणू त्याच्या रक्तात थैमान घालतो, कारण गाळणारा राखणदारच जागेवर नसतो. काहींच्या रक्तात जन्मतःच एखादं संरक्षक प्रथिन कमी असतं. त्यांना मेनिंगोकॉकस हा मेंदूज्वराचा जंतू पुन्हा पुन्हा गाठतो. म्हणून डॉक्टर पेशंट बरा झाल्यावरही तपासण्या सांगतात, त्या बिल फुगवायला असतातच असं नाही. एकदा विचित्र जंतू आला तर दार कुठलं उघडं होतं ते शोधावं लागतं.

कधी कधी जंतूच वेगळा असतो

मात्रा झाली, उघडं दार झालं. तिसरं कारण म्हणजे ओळखीच्या जंतूचा दांडगा भाऊ. क्लेब्सिएला हा तसा दवाखान्यातला जुना जंतू, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना त्रास देणारा. पण १९८० च्या दशकात तैवानमधल्या डॉक्टरांना वेगळंच दिसलं. बाहेरून चालत आलेली माणसं, यकृतात पुवाचं गळू, त्यातून जंतू रक्तात आणि रक्तातून थेट डोळ्यात. काहींची दृष्टी गेली.

या जातीची ओळख करायची एक साधी पद्धत आहे, आणि ती स्वयंपाकघरातली वाटावी अशी. प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्याला तारेचं टोक लावून हळूच वर उचलायचं. साध्या क्लेब्सिएलाचा ठिपका तुटतो. या दांडग्याची तार निघते, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लांब. एकतारी पाक झाला का बघताना आपण दोन बोटांत जसं बघतो, अगदी तसं. ही तार म्हणजे जंतूने अंगाभोवती घेतलेला जाड चिकट थर. पांढऱ्या पेशी त्याला पकडायला जातात आणि हात घसरतो. या जातीच्या रुग्णांतही मधुमेही बरेच असतात, पण सगळे नाहीत.

मातीतल्या जंतूची चलाखी आणखी वेगळी. तो पांढऱ्या पेशीच्या पोटात शिरून तिथेच राहतो, एका पेशीतून शेजारच्या पेशीत जातो. कधी कधी वर्षानुवर्षं गप्प बसतो. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात युद्धकैदी असलेल्या एका अमेरिकन सैनिकाला हा आजार ६२ वर्षांनी झाल्याची नोंद आहे. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या बाबतीत तर याला टाइमबॉम्ब म्हणायचे. पण हे अपवाद. नव्याने लागण झाली, तर बहुधा १ ते २१ दिवसांत ताप येतो. म्हणूनच "गेल्या तीन आठवड्यांत कुठे होता?" या प्रश्नाला मोल आहे.

बाटलीत काय चालतं

आता लॅबमध्ये जाऊ. "कल्चर लावलंय, दोन-तीन दिवस लागतील" हे ऐकून घरच्यांचा जीव वरखाली होतो. इतका वेळ का, हे बघितलं तर राग थोडा निवेल.

संसर्ग झालेल्या मोठ्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात जंतू किती? बहुतेकदा दहासुद्धा नसतात, कधी कधी एकही नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबभर रक्त पाहून ते दिसणं शक्यच नाही. म्हणून प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घेतात आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या जागांहून घेतात. "एवढं रक्त कशाला काढताय!" म्हणून नर्सवर चिडण्यात अर्थ नाही. कमी रक्त म्हणजे विहिरीत एक मासा आहे का ते लोटीभर पाणी काढून ठरवणं.

बाटलीत जंतूंच्या आवडीचं खाद्य असतं. ती शरीराइतक्या उबेत यंत्रात ठेवतात. जंतू वाढू लागले की वायू सोडतात, त्याने बाटलीच्या बुडाच्या चकतीचा रंग बदलतो आणि यंत्र ओरडतं. मग एक थेंब काचेवर घेऊन रंगवतात. मातीतला जंतू गुलाबी दांडीसारखा दिसतो, दोन्ही टोकं गडद आणि मधे फिकट, जशी मिटलेली सेफ्टीपिन. प्लेटवर पहिल्या दिवशी तो गुळगुळीत साधा ठिपका असतो. तीन-चार दिवस ठेवला तर त्यावर सुरकुत्या पडतात.

गडबड होते ती इथे. पहिल्याच दिवशी बघणाऱ्याला तो स्यूडोमोनास हा लॅबमध्ये नेहमी दिसणारा साधा जंतू वाटतो, किंवा कोणी म्हणतं की कातडीवरून आलेली घाण असेल, सोडून द्या. महागडी स्वयंचलित यंत्रंसुद्धा त्याला त्याच्या कांदेसडव्या भावाचं नाव देऊन मोकळी होतात. जाणकार तंत्रज्ञ मात्र एका खुणेवर थबकतात: जेंटामायसिन आणि कोलिस्टिन ही तगडी औषधं निष्प्रभ, आणि साधं को-अमॉक्सिक्लॅव मात्र चालतं. असलं उफराटं चित्र दिसलं की ते डॉक्टरांना फोन करतात, "साहेब, पेशंट शेतात काम करतो का?" माझ्या लेखी या फोनची किंमत त्या यंत्रापेक्षा जास्त आहे.

मग ताप आला की लगेच कल्चर करायचं?

नाही. पावसाळ्यातले बहुतेक ताप विषाणूंचे असतात आणि आपोआप उतरतात. दर तापाला कल्चर केलं तर लॅब कोलमडेल आणि कातडीवरचे निरुपद्रवी जंतू वाढून विनाकारण औषधं दिली जातील.

पण थंडी वाजून अंग थडथड उडवणारा ताप, धाप, पेशंट बरळतोय किंवा ओळखत नाही, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, रक्तदाब खाली गेला, असं काही असेल तर घरी थांबायचं नाही आणि रुग्णालयात कल्चरबद्दल विचारायला लाजायचं नाही. आठवडा उलटूनही ताप हटत नसेल, तेव्हाही.

आणि अँटिबायोटिक आधी दिली तर काय बिघडलं?

पेशंट अत्यवस्थ असेल तर अँटिबायोटिक अडवून धरायची नाही, एकेक तास मोलाचा असतो. पण रक्त घ्यायला पाचच मिनिटं लागतात, ते आधी घ्यावं. औषध गेल्यावर बाटलीत जंतू वाढतोच असं नाही. मग पेशंटही बरा होत नाही आणि जंतूही सापडत नाही.

आपल्याकडे होतं काय, तर माणूस रुग्णालयात पोहोचतो तेव्हा त्याच्या पोटात दोन-तीन प्रकारच्या गोळ्या आधीच गेलेल्या असतात. एक मेडिकलवाल्याने दिलेली, एक गेल्या वर्षीची उरलेली. त्यात मातीतल्या जंतूला नेहमीची बरीच औषधं लागू पडत नाहीत. पेनिसिलिन, अँपिसिलिन बाद. ज्या सेफ्ट्रायॅक्सोनवर आपली निम्मी रुग्णालयं चालतात, तेही इथे फिकं पडतं. लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या पावसाळी तापाच्या, संशयाने दिलेल्या डॉक्सीसायक्लिनवर एकट्यावर हा आजार बरा होत नाही. लेप्टो आणि हा, दोघांचा मोसम एक, चिखल एक, सुरुवात सारखी. "लेप्टोचं औषध चालू आहे" म्हणून निर्धास्त राहिलेला पेशंट इथे फसतो.

लागू पडतं ते सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, शिरेतून, कमीत कमी १० ते १४ दिवस. थायलंडमध्ये १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुन्या औषधांवर गंभीर रुग्णांपैकी ७४ टक्के दगावत होते, सेफ्टाझिडिमवर ३७ टक्के. एका औषधाच्या फरकाने मृत्यू निम्मे. डार्विनमध्ये तर नोंदीच्या पहिल्या पाच वर्षांत ३१ टक्के दगावत होते, शेवटच्या पाच वर्षांत ६ टक्क्यांवर आले.

बरं वाटल्यावरही तीन महिने गोळ्या का?

कारण जंतू पेशींच्या आत दडलेला असतो. शिरेतल्या औषधाने उघड्यावरचे मरतात, दडलेले नाही. त्यांच्यासाठी को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या, निदान तीन महिने, कधी सहा. ही जुनी, स्वस्त गोळी आहे, आणि म्हणूनच लोक ती मधेच सोडतात: "एवढ्या मोठ्या आजाराला ही साधी गोळी काय करणार?" सोडली की आजार उलटतो.

टीबीशी गल्लतही होते, ती अशी. महिनोन्‌महिने ताप, खोकला, वजन उतरलेलं, एक्स-रेवर वरच्या भागात डाग. थुंकीत टीबीचे जंतू सापडत नाहीत, तरी टीबीची औषधं सुरू होतात. काही महिन्यांनी पेशंट आणखी खंगतो. टीबीच्या औषधाला दाद न देणाऱ्या, शुगर असलेल्या, शेतात राबणाऱ्या माणसात हा विचार एकदा तरी व्हायला हवा.

सगळे शेतकरी आजारी का पडत नाहीत? आणि घरात पसरेल का?

ईशान्य थायलंडमधल्या खेड्यांत चार वर्षांची होईपर्यंत बहुतेक मुलांच्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं दिसतात. म्हणजे गाठ सगळ्यांशीच पडते, आजारी थोडे पडतात. चिखल हा काही विषाचा हौद नाही. माणसाकडून माणसाला हा आजार लागणं अत्यंत विरळा, त्यामुळे पेशंटचं ताट-वाटी वेगळं करण्याची गरज नसते. लस अजून बाजारात आलेली नाही.

लावणी तर होणारच. गमबूट घालून लावणी करायला सांगणाऱ्याने स्वतः एकदा करून बघावी, बूट चिखलातच राहतो आणि पाय वर येतो. पण पायाला उघडी जखम असेल तर चार दिवस बांधावर बसता येतं, संध्याकाळी पाय साबणाने धुऊन कोरडे करता येतात, पिण्याचं पाणी उकळता येतं. आणि चाळिशी उलटलेल्याने मृगाच्या आधी एकदा शुगर तपासून घेतली तर बरं. डॉक्टर घाईत असले तर आपणहून सांगायचं: लावणीला गेलो होतो, पुरात अडकलो होतो, कुत्रा चावला होता, प्लीहा काढलेली आहे.

त्या बाटलीचं पुढे काय झालं?

अमेरिकेत सुमारे ३९०० बाटल्या परत मागवल्या गेल्या. लोकांना सांगितलं गेलं की बाटली कचऱ्यात टाकू नका, सिंकमध्ये ओतू नका; एकात एक अशा दोन बंद पिशव्यांत घाला, खोक्यात ठेवा आणि दुकानात परत द्या. ज्यांवर फवारा मारला असेल त्या चादरी आणि उशांचे अभ्रे धुवा. हा जंतू तिथल्या मातीत घर करेल, अशी धास्ती होती. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, मिसिसिपीच्या किनाऱ्याजवळच्या माती-पाण्यात तो सापडलाही, मात्र त्याचा या बाटल्यांशी संबंध नव्हता. तो तिथे आपला आपणच राहत होता.

टेक्सासमधल्या रुग्णाच्या कुटुंबाने एक रकून, म्हणजे मांजरापेक्षा जरा मोठा तिथला रानप्राणी, पाळलेला होता. तसलीच बाटली त्यांच्या घरात फुटली तेव्हा तो सांडलेल्या पाण्यातून चालत गेला. नंतर त्याला झटके आल्यासारखं झालं आणि तो मेला. कुटुंबाने त्याला पुरलं. तेव्हा कोणाला काही संशय नव्हता. पुढे तपास करणाऱ्यांना हे कळल्यावर त्यांनी ती जागा खणून त्याचे अवशेष बाहेर काढले आणि तपासायला पाठवले. त्यात मातीतल्या जंतूचा डीएनए मिळाला.